कर्ता नसलेली वाक्ये

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला व्यावहारिक मराठी शिकवताना शासकीय पत्रव्यवहाराचा एक घटक येतो. विद्यार्थ्यांना तो रुक्ष वाटतो. खरे तर शिकवणाऱ्यालाही वाटतो. गेली काही वर्षे मी पाठ्यपुस्तकातले नमुने बाजूला ठेवते आणि माझ्या फायलीतल्या तीन पत्रांमधली वाक्ये फळ्यावर लिहिते. पत्रे खरी आहेत. ती पाठवणाऱ्या कार्यालयांची नावे मी सांगत नाही, कारण दोष तिथल्या माणसांचा होता असे मला वाटत नाही. ‘सदर अभिलेख अन्य विभागाकडे वर्ग करण्यात आले आहेत.’ ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात येत आहे.’ ‘विभागाच्या पुनर्रचनेमुळे सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.’ या वाक्यांत काहीतरी करणारा माणूस शोधा, असे मी विद्यार्थ्यांना सांगते. ते शोधतात, सापडत नाही आणि हसतात.

ही पत्रे ज्या कारणासाठी आली ते कारण मी वर्गात सहसा सांगत नाही. इथे सांगते.

एम. ए. ला आम्हांला संतसाहित्य शिकवणारे सर आकाशवाणीवर नियमित बोलत. सत्तरच्या दशकापासून निवृत्तीनंतरही काही वर्षे त्यांची भाषणे होत असत. २००१ साली मी दुसऱ्या वर्षाला असताना एकदा त्यांनी मला ध्वनिमुद्रणाला बरोबर नेले. जाड गादीसारखा दरवाजा, काचेपलीकडे बसलेले तंत्रज्ञ, लाल दिवा, आणि कागदाचा आवाज होऊ नये म्हणून पिना काढून सुटी केलेली संहितेची पाने. वर्गात हातवारे करत, येरझारा घालत बोलणारे सर तिथे एका जागी बसून, जणू समोर एकच माणूस आहे असे बोलले. परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारले, “सर, तुम्हांला ऐकणारे दिसत नाहीत. मग कुणाला उद्देशून बोलता?” ते म्हणाले, “अगं, माझी आई वाचायला शिकली नाही. तिला कळेल असं बोलायचं. विद्वानांना छापील कागद आहेतच.”

त्याच प्रवासात त्यांनी आणीबाणीतली एक हकिकत सांगितली. त्या काळात संतवाङ्मयातील शिस्त या विषयावर बोलाल का, अशी विचारणा त्यांच्याकडे झाली होती. सरांनी घसा बसल्याचे कळवले. काकू सांगत, की यांचा घसा पुढे दोन वर्षे बसलेलाच होता, वर्गात मात्र तो ठणठणीत होता. त्यांचे संहितांवरचे प्रेम या प्रसंगाने कमी झाले नाही. माध्यम सरकारचे असले तरी ऐकणारा सरकारचा नसतो, असे ते म्हणत.

सर २०१६ मध्ये गेले. २०१९ साली आम्ही काही विद्यार्थ्यांनी त्यांच्या लेखांचा एक संग्रह करायचे ठरवले आणि प्रकाशनाच्या वेळी त्यांचा आवाज ऐकवता आला तर बरे, असे कुणीतरी सुचवले. अभंगवाणीवरची त्यांची तेरा भाषणांची मालिका आम्हां सगळ्यांना आठवत होती. मी पत्र लिहिले. वर दिलेली तीन वाक्ये ही त्या पत्राच्या प्रवासाची तीन ठिकाणे. अखेर एका निवृत्त गृहस्थांनी चहा पाजून मला खरे काय ते सांगितले. ध्वनिफिती महाग असत. प्रसारण झाले की जे जपून ठेवण्याजोगे असे कुणी ठरवी ते संग्रहात जाई, उरलेल्या फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. “ठरवणारा माणूस जाणता असला की चांगलं काही राहायचं. तो बदलून गेला, विभाग बदलला, की नोंदवही कुठे आणि फीत कुठे.” सरांची मालिका पुसली गेली की कुठल्या कपाटात आहे, हे त्यांनाही सांगता आले नाही.

मराठीच्या प्राध्यापिकेने मंत्रालयांच्या रचनेचा अभ्यास करावा असे एरवी काही कारण नाही. पण त्या चहानंतर मी या खात्याचा इतिहास वाचू लागले. वाचता वाचता असे लक्षात आले, की आपल्या भाषेच्या साहित्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा एक मोठा भाग या खात्याच्या फेररचनांशी बांधला गेलेला आहे.

खात्याचा जन्मच मुळी युद्धातला. १९४१ साली ब्रिटिश सरकारने माहिती आणि नभोवाणी असा स्वतंत्र विभाग केला तो युद्धकाळातल्या प्रचाराच्या गरजेतून. स्वातंत्र्यानंतर गृहखात्याबरोबर सरदार पटेलांनी तो सांभाळला. पुढे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ त्याचे मंत्री होते. केसकरांचे नाव निघाले की आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते हद्दपार करणारे मंत्री एवढेच सांगितले जाते. ते खोटे नाही. श्रोत्यांनी रेडिओ सिलोनकडे सुई फिरवली आणि अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. ‘लोकांनी काय ऐकावे हे मी ठरवीन’ या वृत्तीचा तो पराभव होता, आणि तो व्हायलाच हवा होता.

पण त्याच काळाची दुसरी बाजू मराठीच्या विद्यार्थ्याने विसरू नये. लेखक आणि संगीतकार यांना केंद्रांवर निर्माते म्हणून आणण्याचे धोरण त्याच दशकातले. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, दर आठवड्याला एक याप्रमाणे, ‘गीतरामायण’ तिथून प्रसारित झाले. छप्पन्न गीते, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत हे सर्वांना ठाऊक असते. ही कल्पना मांडणारे आणि ती तडीस नेणारे केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड होते, हे मात्र वर्गात विचारले तर क्वचितच कुणाला सांगता येते. व्यंकटेश माडगूळकर याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम वर्षानुवर्षे करत होते. मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर होते. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत आणि नंतर दिल्लीत दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात काम करत होते. सरकारी चौकटीत राहूनही कामावर त्यांची नावे होती. कार्यक्रम बिघडला तर कुणाला विचारायचे आणि रंगला तर कुणाला पत्र लिहायचे, हे श्रोत्याला ठाऊक होते.

यानंतरची मोठी फेररचना आणीबाणीतली. २५ जून १९७५ नंतर काही दिवसांतच इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून हे खाते काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. (पाहा, मीसुद्धा ‘देण्यात आले’ असे लिहून गेले. ते इंदिरा गांधींनी दिले.) प्रेस कौन्सिल बरखास्त झाली. पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्था १९७६ मध्ये ‘समाचार’ नावाच्या एकाच संस्थेत ओतल्या गेल्या. एकच काम चौघांनी कशाला करायचे, हा युक्तिवाद कार्यक्षमतेच्या भाषेत बिनतोड होता. बातमी चार तोंडांनी सांगितली जाण्यातच तिच्या खरेपणाची थोडीफार हमी असते, हे त्या भाषेत मांडता येत नव्हते. १९७८ मध्ये त्या संस्था पुन्हा वेगळ्या झाल्या. आणीबाणीतच, १ एप्रिल १९७६ रोजी, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे काढले गेले. ही सूचना मात्र जुनी होती. १९६६ मध्ये चंदा समितीने ती केली होती, पण समितीला हव्या होत्या दोन स्वायत्त संस्था. वेगळे करण्याचा भाग उचलला गेला आणि स्वायत्ततेचा भाग कागदावर राहिला. पु. ल. १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध सभा घेत फिरले तेव्हा त्यांच्यामागे या माध्यमाची आतून झालेली ओळख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या त्या भूमिकेचा अर्थ अधिक कळतो.

पुढचा इतिहास स्वायत्ततेच्या प्रतीक्षेचा आहे. वर्गीस समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या विश्वस्त संस्थेची शिफारस केली. त्यानंतरचे १९७९ चे विधेयक लोकसभेबरोबर विरले. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये मंजूर झाला आणि अमलात यायला सप्टेंबर १९९७ उजाडला. मधल्या काळात, १९९५ मध्ये, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तरीही त्या कायद्याच्या २३ व्या कलमाने केंद्र सरकारला निर्देश देण्याचा अधिकार ठेवला आहे, आणि पैसा बव्हंशी सरकारच्या अनुदानातून येतो. म्हणजे घर वेगळे बांधून दिले आणि शिधा मात्र थोरल्या घरातून, असा हा प्रकार आहे. आपल्या एकत्र कुटुंबांतून वेगळ्या झालेल्या धाकट्या भावाची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

अलीकडच्या फेररचना मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. त्यांत वेगळे करण्यापेक्षा एकत्र करण्यावर भर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये जाहिरात व दृश्य प्रसिद्धी संचालनालय, क्षेत्रीय प्रसिद्धी आणि गीत व नाटक विभाग हे तीन विभाग एका कार्यालयात एकत्र आले. डिसेंबर २०२० मध्ये, प्रकाश जावडेकर मंत्री असताना, मंत्रिमंडळाने फिल्म्स डिव्हिजन, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी आणि चित्रपट महोत्सव संचालनालय या चार संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय घेतला, आणि मार्च २०२२ मध्ये त्यांची कामे महामंडळाकडे गेली. फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची, संग्रहालय १९६४ चे. एक मुंबईत पेडर रोडवर, दुसरे पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर.

या निर्णयाची बाजूही नीट मांडली पाहिजे. एकाच मंत्रालयाच्या तीन संस्था चित्रपट काढत होत्या, कामांची पुनरावृत्ती होत होती, हे खरे आहे. मालमत्ता सरकारचीच राहील आणि कुणाची नोकरी जाणार नाही, असेही सांगितले गेले. चित्रपटांच्या जतनासाठी ५९७ कोटींची राष्ट्रीय योजना आधीच मंजूर होती, आणि त्या पैशांतून झालेले काम नाकारण्याचे कारण नाही. अनेक चित्रपटकर्मींनी तरीही या विलीनीकरणाला विरोध केला. त्यांचा मुद्दा असा होता, की महामंडळ ही कंपनी आहे आणि संग्रह हा कंपनीच्या ताळेबंदात बसणारा विषय नाही. मला त्यांचे म्हणणे पटते, पण माझे कारण थोडे वेगळे आहे आणि ते भाषेशी निगडित आहे.

‘विलीन’ हा शब्द आपल्याकडे भक्तीच्या आणि अद्वैताच्या परंपरेतून आला आहे. पाण्यात मीठ विरघळते तेव्हा त्याचे वेगळेपण जाते, पण चव प्रत्येक थेंबात उतरते. सर हा दृष्टान्त फार रंगवून सांगत. कार्यालये विलीन होतात तेव्हा वेगळेपण जाते हे खरे, पण चव उतरतेच असे नाही. कारण संस्थेची चव तिच्या इमारतीत नसते, कपाटात काय आहे हे ठाऊक असलेल्या माणसात असते. चित्रपट संग्रहालयाच्या बाबतीत तो माणूस पी. के. नायर हे होते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांचे जे काही भाग आज पाहायला मिळतात, ते मिळवून जपण्यात त्यांचा हात होता. त्यांनी हे काम सरकारी नोकरीतच केले. तेव्हा ‘सरकारी आहे म्हणून असे होते’ हे उत्तर पुरेसे नाही. नायर यांच्या कामाच्या वाक्याला कर्ता होता, एवढाच फरक.

इथपर्यंत लिहून मी हा लेख दोनदा थांबवला होता, कारण पुढचा भाग माझ्याविषयी आहे.

तीन पत्रांनंतर मी काकूंकडे गेले. सरांच्या भाषणांच्या संहिता त्यांनी जपल्या होत्या, कार्बनच्या प्रती, निळ्या शाईत केलेल्या दुरुस्त्यांसह. त्या माझ्या हाती देताना त्या सहज म्हणाल्या, “आणि कॅसेटी तर तुमच्या विभागात आहेतच की. मी रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून सगळी मालिका भरली होती. निवृत्त होताना ह्यांनी विभागाला दिल्या.”

मला बसल्या जागी घाम फुटला. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातही फेररचना झाली होती. मराठी, हिंदी आणि संस्कृत या तीन विभागांचा मिळून ‘भाषा विभाग’ झाला. तीन खोल्यांची एक खोली झाली. कपाटे कमी करायची होती, आणि निर्लेखनाची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. दिवाळीची सुट्टी दोन दिवसांवर होती. घरी येऊन मी त्या यादीची प्रत शोधून काढली. अनुक्रमांक सतरा : जुन्या ध्वनिफिती, नग चाळीस, निरुपयोगी. यादीखाली वाक्य होते, ‘वरील साहित्य निर्लेखित करण्यात येत आहे.’ त्याखाली सही माझी होती.

त्या चाळीस कॅसेटींवर काय लिहिले आहे हे मी वाचले होते का? आठवत नाही. वाचले असते तर अक्षर ओळखले असते. वाचले नाही हे उघड आहे. त्या दिवशी मला कुणी दटावले नव्हते. कुणाचा दबाव नव्हता, कुठले धोरण नव्हते. एक रकाना होता आणि तो भरायचा होता.

तेव्हापासून मंत्रालयाच्या फेररचनांकडे मी निव्वळ तक्रारदार म्हणून पाहू शकत नाही. चार संस्थांचे एक महामंडळ करणारा आदेश आणि चाळीस कॅसेटींची माझी यादी यांचे आकारमान वेगळे, पण व्याकरण तेच. आदेश लिहिणाऱ्याला कपाट दिसत नाही, आणि कपाट पाहणाऱ्याला आदेशाचे कारण पुरते. या दोघांच्या मध्ये कुणीतरी डबा उघडून नाव वाचणे आवश्यक असते. ते वाचण्याचे काम कुणाचे, हे फेररचनेच्या कागदावर लिहिलेले नसते. मंत्रालये ठेवावीत की मोडावीत, एक करावीत की चार, यावर मतभेद असू शकतात. पण जोडण्यापूर्वी किंवा तोडण्यापूर्वी आत काय आहे याची यादी झाली का, ती कुणी केली आणि उद्या विचारायला आलेल्या माणसाने कुणाचे दार ठोठवायचे, हे तीन प्रश्न कुठल्याही पक्षाच्या सरकारला विचारता येतात. ते विचारण्यासाठी माध्यमतज्ज्ञ असावे लागत नाही.

विचारले तर उत्तर मिळते, असाही अनुभव आहे. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा आदेश निघाला. पुण्यातून मोठा विरोध झाला आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे इंग्रजी नाव सोडून सर्वत्र ‘आकाशवाणी’ एवढेच म्हणायचे ठरले होते. नाव आपल्या भाषेत आले याचा आनंद आहेच. पण बातमी सांगणारी खोली राहिली याचा मला अधिक आहे.

सरांचा संग्रह निघाला. प्रकाशनाच्या कार्यक्रमात आवाज ऐकवता आला नाही. मी त्यांच्या तेराव्या भाषणाची संहिता वाचून दाखवली. कागदाचा आवाज होऊ नये म्हणून पाने सुटी केली होती, तरी तो झालाच. काकू पहिल्या रांगेत होत्या. कॅसेटींचे काय झाले हे मी त्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगितले होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरं झालं तू सांगितलंस. नाहीतर मी अजून विचारत राहिले असते.”

यंदा वर्गात तीन पत्रांच्या शेजारी मी चौथे वाक्य लिहिले, अनुक्रमांक सतराचे. विद्यार्थ्यांनी नेहमीप्रमाणे कर्ता शोधला आणि नाही म्हणून सांगितले. मी खडू घेतला आणि वाक्य कर्तरी प्रयोगात पुन्हा लिहिले : मी त्या ध्वनिफिती न वाचता टाकून दिल्या.